धुईतली चिंच

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली आहे, त्यामुळे आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी समजलं नाही, जोडाक्षर आलं की पेन अडतो, आणि अक्षर असं की ओळीवर बसत नाही, वर-खाली पळतं. कुणाच्या हाती ही वही लागलीच तर सांभाळून घ्यावं. खरं म्हणजे कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. बोलायचं म्हटलं की मला जमत नाही. चार माणसांत तर शब्दच फुटत नाही. वही उलटून काही विचारत नाही, म्हणून तिच्यापाशी सांगणं सोपं जातं.

चार दिवस झाले, रोज सकाळी धुई पडते आहे. दार उघडलं की समोरचं घर नाही, गल्ली नाही. शेजारच्या गयाबाईच्या अंगणातली शेळी खोकते तो आवाज येतो, शेळी नाही. जिंतूरच्या रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजतो आणि बऱ्याच वेळानं दोन पिवळे ठिपके येतात, मग त्यांच्यामागून गाडी. ओट्यावरची फरशी ओली आणि गार लागते. दोरीवर आदल्या दिवशी वाळलेलं लुगडं पुन्हा जड झालेलं असतं. आमच्या किराणा दुकानात माणसं येतात, तंबाखू मळत म्हणतात, तुरीचा फुलोरा गळणार. दरवर्षी म्हणतात. एखाद्या वर्षी गळतोही.

मला मात्र धुई पडली की थकवा येतो. काम केल्याचा थकवा नव्हे तो. पाच वाजता जाग येते, कुणी बोलावलेलं नसतं तरी. अंघोळ होते, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसते, विभूती लावते, पण मन ओढ्याकडच्या पडीक रानात जाऊन उभं राहिलेलं असतं. डोळे बारीक करून. काय दिसतं, काय नाही, ते मोजत.

तीन हिवाळे झाले त्याला.

त्या साली दिवाळीनंतर एक जीप आली आणि ओढ्याकाठच्या पडीक रानात माणसांनी एक खांब रोवला. माणसापेक्षा दीड हात उंच. वर दोन दांड्या, बैलाची शिंगं खाली वळवल्यासारख्या. एका दांडीतून उजेड हवेत जायचा, दुसरी दांडी तो किती विखुरला ते पाहायची. धुई दाट असली की उजेड जास्त विखुरतो. त्यावरून यंत्र सांगायचं की माणसाला किती लांबचं दिसेल. हे मला नंतर कळलं. गावात आधी बोलवा झाली की मोबाइलचा टॉवर आहे, मग कुणी म्हणालं पाऊस पाडायचं यंत्र आहे.

खांबाबरोबर एक मॅडम आल्या. सत्तावीस-अठ्ठावीसच्या असतील, किरकोळ अंगाच्या, कानाला मफलर. हवामान शिकलेल्या. परभणीत एक खोली भाड्यानं घेऊन राहायच्या. आमच्या दुकानात पाण्याची बाटली घ्यायला आल्या आणि आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं की सकाळी घरी असणारं, आकडे लिहिता येणारं, डोळ्यांनी चांगलं असणारं कुणी आहे का. गडीमाणसं सकाळी दूध आणि रान यांत गुंतलेली. मालक म्हणाले, "आमच्या घरातल्या हायेत की. अक्षर वाईट हाय, पर आकडे सरळ काढतात. नजर तर अशी, दळणातला खडा उभ्यानं सांगतील." मी आत पडद्याआड उभी होते. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

मॅडमनी मला रानात नेलं आणि काम समजावून सांगितलं. त्यांच्या कामाबद्दल मी विचारलं नव्हतं, मला विचारता येत नाही. त्यांनी आपणच सांगितलं. विमान उतरताना वरच्या माणसाला खालून कळवावं लागतं की धावपट्टी किती लांबून दिसेल. ते सांगणारं हे यंत्र नवीन बनवलं आहे. कुठल्याशा विमानतळावर लावायचं आहे, पण त्याआधी भरपूर धुई पडते अशा जागी त्याची परीक्षा घ्यायची. म्हणून आमचा ओढा. "इंजिनिअर यंत्र बनवतात, त्यांना हवा कळत नाही," मॅडम म्हणाल्या, "मला हवा कळते, यंत्र बनवता येत नाही. म्हणून मला मध्ये ठेवलंय. दोन्हीकडून बोलणी खायला." असं म्हणून त्या हसल्या. थकल्यासारखं हसल्या.

आणि यंत्राला तपासायचं कशानं? माणसाच्या डोळ्यानं. मला याचं नवल वाटलं. एवढं महागाचं यंत्र आणि त्याचं माप माझा डोळा.

खांबापासून लांब लांबच्या खुणा त्यांनी ठरवल्या होत्या. विहिरीचा कठडा शंभर मीटरवर, बोरीचं झाड दोनशेवर, मग विजेची डीपी, देवळाचा कळस, पलीकडच्या शिवारातली मोठी चिंच हजार मीटरवर, आणि सगळ्यात शेवटी पाण्याची टाकी. उजाडल्यापासून नऊपर्यंत दर अर्ध्या तासानं खांबापाशी उभं राहायचं आणि सगळ्यात लांबची कोणती खूण दिसते तिचा नंबर रजिस्टरात लिहायचा. शेवटी एक शेऱ्याचा रकाना होता. नऊ वाजता मालक येऊन पानाचा फोटो काढून मॅडमना पाठवायचे. मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या. बाकी दिवस मी आणि खांब.

माझ्याकडे आणखी एक काम होतं, दांड्यांच्या काचा पुसणं. त्या दोन शिंगांच्या मधोमध कोळी जाळं विणायचा. रोज. धुईचे थेंब त्या जाळ्यावर बसले की फार देखणं दिसायचं, आणि यंत्राला वाटायचं की हवेतच काहीतरी दाटलं आहे. मऊ फडक्यानं मी ते काढायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. कोळ्याची मला कीव यायची, आणि थोडी स्वतःचीही. दोघंही सकाळी उठून तेच करत होतो.

तरी ते दिवस चांगले होते, हे लिहिलं पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा मी घराबाहेर एकटी उभी राहत होते आणि त्याला काम म्हणत होते. पायात मालकांचे जुने बूट, डोक्यावरून शाल. धुईत उभं राहिलं की अंगाभोवती एक खोली तयार होते, आपण चाललो की तीही चालते. हरभऱ्याचा आंबट वास खाली बसलेला असायचा. पापण्यांवर थेंब यायचे. दूरच्या माणसांचं बोलणं एकदम जवळून ऐकू यायचं. गयाबाई शेळीला चारा आणायला ओढ्याकडे यायची आणि धुईतूनच हाक मारायची, "वैनी, आज किती विमानं उतरवली?" मी म्हणायची, "दोन." ती म्हणायची, "एक माज्या अंगणात उतरवा बाई, लेकीकडं जायचंय."

मॅडम मला दर सकाळचे दोनशे रुपये द्यायच्या. नंतर कधीतरी बोलता बोलता निघालं की कचेरीनं या कामाला मंजुरीच दिली नव्हती, त्या पदरचे देत होत्या. त्यांची नोकरीही अकरा महिन्यांची होती, त्यातले सात संपले होते. यंत्राची परीक्षा नीट पार पडली तर पुढं ठेवतील, असं त्यांना वाटत होतं. आमच्याकडे भाकरी आणि ठेचा खायला बसल्या की त्यांचा फोन सारखा वाजायचा. तिकडून इंजिनिअर साहेब जोरानं बोलायचे, या हळू उत्तर द्यायच्या. फोन ठेवला की भाकरी गार झालेली असायची.

एक दिवस त्या आल्या आणि म्हणाल्या, मावशी, तुमचे आकडे आणि यंत्राचे आकडे जुळत नाहीत. धुईच्या सकाळी यंत्र म्हणतं पाचशे मीटर, तुम्ही लिहिता हजार.  त्यांनी माझ्याशेजारी उभं राहून पाहिलं. त्या दिवशी धुई विरळ होती, दोघींनाही चिंच दिसली, यंत्रानंही तेवढंच सांगितलं. मग त्या म्हणाल्या, तुमचा डोळा बरोबर आहे. यंत्रच दाट धुईत कमी दाखवतंय. तिकडच्या साहेबांनीही तेच ठरवलं. माणसाचा डोळा हेच मूळ माप, यंत्र नवीन, तेव्हा यंत्राचा आकडा वाढवायचा. पुढच्या सोमवारी येऊन ते दुरुस्त करणार आणि यंत्र विमानतळावर नेणार. मॅडमनी तसा अहवाल लिहिला. माझ्या पाठीवर हात ठेवला. मी घरी येऊन मालकांना सांगितलं. माझ्या आवाजात ताठा होता, तो मला आता ऐकू येतो.

त्यानंतर तीन दिवस दाट धुई होती. तिन्ही दिवस मी सात वाजता, साडेसातला, आठला चिंचेचा नंबर लिहिला. धुईच्या मागं एक काळपट पुंजका, डावीकडं थोडा झुकलेला. आमच्या चिंचेची तीच तऱ्हा. लग्न होऊन आले तेव्हापासून तिला बघते आहे. गावात शिरताना बैलगाडीतून पहिल्यांदा काही दिसलं असेल तर ती.

चौथ्या दिवशी वारा होता. सातलाच सगळं लख्ख झालं. मी खांबापाशी उभी राहिले, टाकी पाहिली, टाकीचा नंबर लिहिला आणि सहज नजर अलीकडं आणली. चिंच नव्हती.

आधी मला कळलंच नाही काय चुकतंय. आभाळ जरा मोठं वाटलं. मग शाल घट्ट धरून मी चालत गेले, बूट चिखलात रुतत होते. तिथं बुंधा होता, चार माणसं जेवायला बसतील एवढा, लाल. भोवती भुसा पडलेला, तोही धुईनं भिजून काळा झालेला. तिथं एक म्हातारा शेंगा वेचत होता. मी पदर पुढं घेऊन विचारलं, कधी तोडली? तो म्हणाला, "चार दिस झाले की. रानाच्या मालकानं कटाईवाल्याला दिली." चार दिवसांपूर्वीच्या दुपारी आमच्या गल्लीत बारशाचा लाऊडस्पीकर होता. करवतीचा आवाज आला नाही, कुणी काही बोललंही नाही. दुसऱ्या शिवारातल्या झाडाचं कोण कशाला सांगेल.

म्हणजे तीन सकाळी मी जे झाड बघितलं ते जमिनीवर नव्हतं.

मी खोटं लिहिलं नव्हतं. हे मला आजही कुणाला तरी सांगावंसं वाटतं. मला दिसलं होतं. त्या बुंध्यापाशी उभी असतानाही डोळे मिटले की ती चिंच तिच्या जागी होती, डावीकडं झुकलेली. तिथंच मला कळलं की आधीच्या धुईच्या सकाळीही मी असंच केलं असणार. मला जे ठाऊक होतं ते मी धुईत ठेवून दिलं आणि मग त्याला दिसतंय म्हटलं. परक्या माणसाकडून ही चूक झाली नसती. त्याला ते झाड कुठं आहे हेच माहीत नसतं.

घरी आले आणि मालकांना सांगितलं. ते दुकानात साखर तोलत होते. म्हणाले, "तुटली तर तुटली लिही आजपासनं. मागचं कशाला उकरतीस? तुला कोण इचारायलंय?" खरंच कुणी विचारत नव्हतं. ती चिंच आणि तो रकाना यांची गाठ घालणारं माझ्याशिवाय जगात कुणी नव्हतं. आणि मी बोलले तर मॅडमचा अहवाल खोटा पडणार. त्यांची नोकरी त्या कागदावर. नाही बोलले तर सोमवारी यंत्राचा आकडा वाढवणार, आणि कुठल्यातरी विमानतळावर धुईच्या सकाळी ते यंत्र वरच्या माणसाला सांगणार, हजार मीटर दिसतंय, ये खाली. आणि तिथं पाचशेच असणार. मी विमानात कधी बसले नाही. पण आमच्यावरून जाताना त्याच्या पोटाशी दिवे लुकलुकतात ते पाहिले आहेत. त्यात माणसं असतात एवढं मला ठाऊक आहे.

माझे वडील जिंतूरच्या मोंढ्यात मापाडी होते. तुरीचं, कापसाचं माप करायचे. हात इतका बसलेला की पोतं उचलतानाच वजन तोंडात यायचं. एकदा काट्याकडे न बघताच ते वजन पुकारत गेले, आणि संध्याकाळी कळलं की काटा अडकला होता, एकही वजन काट्याचं नव्हतं, सगळी त्यांच्या हाताची होती. दुसऱ्या दिवशी ते त्या शेतकऱ्याच्या गावाला चालत गेले आणि त्या दिवसाची मापाई, म्हणजे तोलायची मजुरी, परत देऊन आले. आई म्हणाली, तुमचा अंदाज तर बरोबरच असणार. ते म्हणाले, असंल, पर ते माप न्हवतं. आमच्यात कामाला कायक म्हणतात, पूजेच्या बरोबरीचं मानतात. खोट्या कामाचं अन्न पचत नाही असं वडील धरून चालायचे. त्या दुपारी माझी भाकरी ताटात तशीच राहिली, तेव्हा मला ते खरं वाटलं.

पण बोलायचं कसं? फोन हातात घ्यायची आणि परत खाली ठेवायची. मॅडमचा आवाज कानावर आला असता तर मी बरं आहे म्हणून ठेवून दिला असता. रविवारी सकाळी मी खांबापाशी गेले. जाळं काढलं. नंबर लिहिले. मग रजिस्टरातल्या शेऱ्याच्या रकान्यात, जो अख्ख्या हंगामात कोरा होता, लिहिलं, "चिंच तोडली आहे. तीन दिवस ती नसताना मी दिसते लिहिलं. धुईच्या आधीच्या सगळ्या सकाळीही तसंच झालं असेल. माझा डोळा धरू नका." रकाना लहान होता, शेवटचे शब्द खाली उतरले. मालक फोटो काढायला आले, त्यांनी वाचलं. माझ्याकडे बघितलं. मग फोटो काढला आणि पाठवला. त्यांच्याबद्दल मला कधी तक्रार लिहायची झाली तर मी हे आठवीन.

दोन तासांत मॅडम आल्या. जीप नव्हती, परभणीहून एस.टी.नं झरीपर्यंत आणि पुढं कुणाच्या तरी मोटारसायकलवर. मफलर नव्हता. बुंध्यापर्यंत आम्ही दोघी चालत गेलो. त्या बुंध्यावर बसल्या. भुशातला एक तुकडा उचलून बोटांनी मोडत राहिल्या.

"मावशी, खरंच दिसायची का?"

"दिसायची. आताबी दिसायलीय."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, चूक माझी आहे. जी खूण बघणाऱ्याला पाठ आहे ती खूण ठेवायची नसते, हे मी शिकले आहे, आणि तरी ठेवली. मग तिथं बसूनच त्यांनी इंजिनिअर साहेबांना फोन लावला आणि सांगितलं की अहवाल मागे घेते, उद्या यंत्राला हात लावू नका. पलीकडचं बोलणं मला शब्दानं कळलं नाही, सुरानं कळलं. एका चौथी शिकलेल्या बाईच्या भरवशावर, असं काहीतरी होतं. मॅडम म्हणाल्या, "त्या बाईनीच सांगितलं म्हणून कळलं, सर." फोन ठेवल्यावर त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, भाकरी आहे का?

मग सगळं पहिल्यापासून. मॅडमनी पत्र्याचे काळे फळे करून आणले, खाली पाय जोडलेले. ते रोज कुठं ठेवायचे हे मला कळता कामा नये. गयाबाईनं ते काम मागून घेतलं. अंधार असतानाच ती फळे उचलून दोरीवरच्या गाठींनी अंतर मोजून ठेवायची, आपल्या चिठ्ठीत मांडायची आणि मला म्हणायची, "घ्या वैनी, हुडका." तिला त्यात फार मजा वाटायची. एका दिवशी तिनं एकच फळा ठेवला, बाकी घरी. मी उभी राहिले. धुई समोर पांढरी, सपाट, दुधाच्या सायीसारखी. डोळे ताणून ताणून पाणी आलं. शेवटी लिहिलं, दिसत नाही.

हे लिहायला हात किती जड होतो ते तेव्हा कळलं. दिसतं लिहिताना काहीतरी केल्यासारखं वाटतं. दिसत नाही लिहिताना रिकाम्या हातानं परत आल्यासारखं. अख्खा पौष मी ते लिहीत राहिले. दिसत नाही. दिसत नाही. जवळचा फळा दिसतो. दिसत नाही. घरी आल्यावर अंग असं दुखायचं, जणू दिवसभर कापूस वेचलाय. नुसतं उभं राहून, काही न दिसून.

तेव्हापासून एक खोड लागली. एखादी गोष्ट मला दिसते आहे की ठाऊक आहे, हे मी स्वतःला विचारते. त्या हिवाळ्यात एका सकाळी मालक चूल फुंकत होते आणि माझ्या लक्षात आलं, त्यांचे केस सगळे पांढरे झाले आहेत. कधी झाले? रोज बघत होते ना मी? का नुसतं धरून चालले होते की ते तिथं आहेत, तसेच आहेत? दोन्ही लेकी लग्न होऊन गेल्या, त्यांच्या झोपण्याच्या जागा अजून मला भरलेल्या वाटतात. माहेरी गेले की दारात आई असते. ती जाऊन अकरा वर्षं झाली. धुई काही रानातच पडते असं नाही. आणि सारखं खरं बघत राहणं फार दमवणारं आहे. माणसाला थोडं ठाऊक असण्यावरच भागवावं लागतं, नाहीतर दिवस रेटवत नाही. पण जिथं दुसऱ्याचा जीव आपल्या डोळ्यावर टांगलेला आहे तिथं तसं भागवता येत नाही. एवढं मला त्या रानात उमगलं. जास्त काही उमगलं नाही.

यंत्र बरोबर निघालं. नव्या आकड्यांशी ते जवळजवळ जुळलं, काही वाढवायची गरज पडली नाही. माघात धुई सरली आणि जीप येऊन खांब घेऊन गेली. रोवला होता तिथं चौकोनी सिमेंट राहिलं. त्यावर आता गयाबाई शेळी बांधते.

मॅडमना अकरा महिन्यांनंतर ठेवलं नाही. चिंचेमुळे की आणखी कशानं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. पुढं वर्षभरानं त्यांना दुसरीकडे काम लागलं, एका लहान विमानतळावर, पहाटेच्या पाळीचं. धुई पडली की त्या स्वतः गच्चीवर उभ्या राहतात आणि खुणा बघतात. फोनवर मालकांना म्हणाल्या, मावशींना सांगा, मी ओळखीच्या खुणा बदलून घेतल्या.

त्या जायच्या आधी मी त्यांना एकच गोष्ट बोलू शकले होते. काळ्या फळ्यांच्या सकाळींचे पैसे मी ठेवते म्हटलं, ते खरे आहेत. आधीच्या धुईच्या सकाळी रजिस्टरात मोजल्या तर सव्वीस भरतात. त्यातल्या कोणत्या खऱ्या, कोणत्या खोट्या, मलाच सांगता येत नाही. म्हणून सगळ्याच परत. पाच हजार दोनशे रुपये. मॅडम म्हणाल्या, वेड्या आहात का मावशी, तुम्ही थंडीत उभ्या होतात. मी म्हटलं, उभी होते, बघत न्हवते.

दुकानातून पैसे घ्यायचे नव्हते. मालक द्यायला तयार होते, पण ते त्यांच्या कामाचे. मी गोधड्या शिवायला घेतल्या. एका गोधडीला तीन-चार आठवडे जातात, आणि आता कोण गोधड्या वापरतं, सगळीकडे ब्लँकेटं झाली. उन्हाळ्यात लोकांचे पापड, कुरडया करून दिल्या. पाचशे जमले की मालकांच्या फोनवरून पाठवायची. पहिल्यांदा मॅडमनी ते परत पाठवले. मी पुन्हा पाठवले. पुन्हा परत. तिसऱ्या वेळी मालकांनीच त्यांना फोन केला, बाहेर ओट्यावर जाऊन, मला ऐकू येऊ नये म्हणून हळू. पण धुई नसली तरी आमच्या घरात सगळं ऐकू येतं. ते म्हणत होते, "ठिवून घ्या मॅडम. तुमी घेतले न्हाई तर ही मरस्तोवर शिवत बसंल." तेव्हापासून त्या ठेवून घ्यायला लागल्या. कधी पाचशे, कधी तीनशे, एकदा नुसते दीडशे, त्या उन्हाळ्यात माझा मणका धरला होता.

काल शेवटची गोधडी गेली. झरीच्या एका बाईनं नातवासाठी नेली. आज सकाळी मी मालकांना म्हटलं, चारशे पाठवा. त्यांनी चष्मा लावला, फोनवर बोट फिरवलं, म्हणाले, "गेले." मी चहा ठेवला. चहा उकळायच्या आत मॅडमचं उत्तर आलं. मालकांनी वाचून दाखवलं, "मावशी, चारशे मिळाले. सव्वीस सकाळींचे सगळे पैसे फिटले. काही राहिलं नाही."

मी म्हटलं, परत वाचा. त्यांनी परत वाचलं. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि मी स्वतः, एकेका अक्षरावर बोट ठेवत, वाचलं. फिटले.

आज सुई हातात घेतली नाही.